चिंचझिरीचा घंटीवाला

रहेमतुल्ला शेख चाँद. वय तीस. राहणार वरवट बकाल. धंदा वायरलेस ऑपरेटर.

फौजदारांनी मयताच्या पंचनाम्यात एवढं लिहिलं आणि मला विचारलं, "अजून काही?" मी नाही म्हणालो. त्या वेळी मला काही सुचत नव्हतं. याला तीन आठवडे झाले. आता सुचतंय, म्हणून लिहितो.

त्याचे वडील पेटी दुरुस्त करायचे. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे यायच्या. एखादा सूर बसला, एखादा किंचाळायला लागला की पेटी बैलगाडीत घालून लोक वरवटला आणायचे. रहेमतभाई दहा वर्षांचा असल्यापासून वडिलांजवळ बसायचा. पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो. बूड घासलं की उतरतो. किती घासायचं ते कानाला कळतं. हे तो मला इतक्या वेळा सांगायचा की मी हसायचो.

मी त्याला रहेमतभाई म्हणायचो, पण अरेतुरे करायचो. त्यानेच तसं ठरवलं होतं. तो मला बीए म्हणायचा. मी मराठी घेऊन पदवीधर झालो होतो आणि धरणाच्या कामावर हजेरी कारकून होतो.

"बीए, तुमच्या कॉलेजात काय शिकवतेत?"

"कविता, नाटक."

"अन् हजेरी?"

"ती इथे शिकलो."

"मंग तिथं काऊन गेल्ता बे?"

धरण चिंचझिरीजवळ बांधलं जात होतं. वरवटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. साल १९७४. नाल्याच्या अलीकडे कंपनीचं ऑफिस. पलीकडे टेकडीवर दगडाची खाण. दोन्हींच्या मध्ये खोल घळ, आणि घळीच्या तोंडाशी चिंचझिरी गाव. ऑफिसातून खाणीत जायला रस्त्याने सात किलोमीटर पडायचे. घळीतून पायी गेलं तर पाव तास, पण सुरुंगाच्या वेळी त्या घळीत पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता. त्यामुळे वायरलेस आला.

सेट जुने होते. मुंबईहून ट्रकमधून आले. ते बसवायला नागपूरचा एक मेकॅनिक आला होता. पाच ठिकाणी पाच सेट: ऑफिस, खाण, जीप आणि घळीच्या दोन तोंडांवरचे दोन नाके. सगळ्यांची लहर एकच. म्हणजे एक जण बोलला की चौघांनी ऐकायचं. शिवाय दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्या तरी कामावरची माणसंही त्याच लहरीवर दिवसभर सिमेंटच्या पोत्यांबद्दल भांडत. आठ दिवसांत सगळे कंटाळले. जीपच्या ड्रायव्हरने सेट बंदच करून ठेवला. नाक्यावरच्या तुळशीरामने सेटवर घोंगडी टाकली. मग खरं काम असलं तरी कुणी ऐकेना.

मेकॅनिक म्हणाला, याला उपाय सेटमध्येच आहे. प्रत्येक सेटमध्ये अंगठ्याएवढ्या दोन पत्र्याच्या डब्या होत्या. डबीत एक पोलादी पट्टी. प्रत्येक पट्टीचा आपला सूर ठरलेला. हवेतून तोच सूर आला तर ती थरथरते, दुसरा कुठलाही आला तर ढिम्म. ऑफिसच्या यंत्रावर चार बटणं होती आणि प्रत्येक बटणामागे तशाच दोन डब्या. खाणीचं बटण दाबलं की खाणीचा पहिला सूर जायचा, एखादा सेकंद. मग दुसरा, जरा लांब. खाणीच्या सेटमधली पहिली पट्टी थरथरली, मग दुसरी थरथरली, तरच सेटचा कर्णा उघडायचा, लाल दिवा लागायचा आणि घंटी वाजायची. सुरांची अदलाबदल झाली तरी नाही. बाकीच्या तीन सेटना ते सूर ऐकू यायचे, पण ते त्यांचे नव्हते. ते मुके राहायचे.

पण डब्या काम करीत नव्हत्या. प्रवासात आदळून पट्ट्यांचे सूर हलले होते. मेकॅनिक दोन दिवस शिव्या देत होता. मजुरांच्या भजनाची पेटी दुरुस्त करायला रहेमतभाई तेव्हा कामावर आला होता. तो ऑफिसच्या दारात उभा राहून बघत होता. त्याने एक डबी उचलली, झाकण काढलं, पट्टीला नखाने टिचकी मारून कानाशी धरली.

"ही उतरली, साहेब. केसभर."

मेकॅनिक हसला. मग त्याने यंत्रावर मोजून पाहिलं आणि हसायचा थांबला. दुसऱ्या दिवसापासून रहेमतभाई पगारावर होता. कानस, चिमटा आणि वडिलांच्या पेटीतले काढून आणलेले चार सूर एवढ्यावर त्याने सगळ्या डब्या लावल्या. मेकॅनिक नागपूरला परत गेला. जाताना म्हणाला, "याला सोडू नका."

खोलीत त्याच्या टेबलाशेजारी एक शिकंजा बसवला होता. डबी त्यात धरायची आणि पट्टी घासायची. त्याची बोटं लांब होती. काम करताना तो डोळे मिटून घ्यायचा.

आता खाणीतली रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरून घडलं.

खाणीचा सेट एका टपरीत होता. सुरुंग उडवायचं यंत्र तिथून पन्नास पावलांवर, खडकाच्या आड. शालिग्राम हा सुरुंगवाला. वीस वर्षं सुरुंग उडवून त्याचा एक कान गेला होता आणि दुसरा अर्धा. त्याच्यासाठी टपरीबाहेर खांबावर शाळेतल्यासारखी मोठी विजेची घंटी लावली होती. लिहिलेला नियम असा: दोन्ही नाक्यांनी रस्ता मोकळा असल्याचं ऑफिसला कळवायचं. ऑफिसने खाणीला घंटी द्यायची. शालिग्रामने टपरीत येऊन माइक उचलायचा, "मोकळा" हा शब्द ऐकायचा, उलट म्हणून दाखवायचा, मग खडकाआड जाऊन दांडा फिरवायचा.

पहिल्या महिन्यात तो टपरीत यायचा. दुसऱ्या महिन्यात त्याने यायचं सोडलं. सुरुंगाच्या वेळी घंटी वाजली म्हणजे रस्ता मोकळाच असणार. दुसरं कशाला वाजेल? तो खडकाआडच बसायचा. घंटी वाजली की दांडा फिरवायचा.

रहेमतभाईने हे साहेबांना सांगितलं. मीच अर्ज लिहून दिला. साहेब म्हणजे रंगराव, कामावरचे व्यवस्थापक. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "काम चालू आहे ना? मग?"

तेव्हापासून रहेमतभाईने एक गोष्ट पाळली. बारा ते दोन या वेळात खाणीला दुसऱ्या कशासाठीही घंटी द्यायची नाही. डिझेलचा निरोप असो, कुणाचा हात तुटलेला असो. खाणीचं बटण दाबायच्या आधी तो दोन्ही नाक्यांना दोनदा विचारायचा. मग "या अल्ला" म्हणून दाबायचा. आधी घंटीचा आवाज घळीवरून यायचा. मग जमीन हलायची. मग धुरळा.

चिंचझिरीला सुरांचं काही माहीत नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं की घंटी वाजली की दगड उडतात. आया मुलांना आत ओढायच्या. ऑफिसात कुणी तरी घंटीवाला आहे, तो घंटी वाजवतो, हेही गावाला मजुरांकडून कळलं होतं. त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

मार्चच्या एका मंगळवारी रहेमतभाईने नेहमीसारखं विचारलं. दोन्ही नाके म्हणाले, मोकळा. त्याने घंटी दिली. त्या दिवशी एक दगड धोक्याच्या हद्दीच्या दीडशे पावलं पलीकडे गेला आणि चिंचझिरीतल्या एका घराचे पत्रे फोडून आत पडला. कौशल्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. दगड पायलीएवढा होता. मी पाहिला. त्याला पीठ लागलेलं होतं. बाकी काय लागलं होतं ते लिहीत नाही.

रहेमतभाई मातीला गेला. लाकडं वाहणाऱ्यांत मिसळून दोन ओझी घेऊन आला. गावचं मसण घळीतच, नाल्याच्या काठावर. कौशल्याबाईचा मुलगा इंद्रभान चितेपाशी उभा होता. रहेमतभाई त्याच्यापासून लांब उभा राहिला. परत येताना म्हणाला, "मी विचारलं होतं, बीए. दोनदा विचारलं होतं."

"तुझा काय दोष?"

"मले कुठं दोष पायजे? मले ते बाई पायजे."

दुसऱ्या दिवशी गावची माणसं खाणीत गेली. कंप्रेसरचे नळ कुऱ्हाडीने तोडले. मुकादम भगवंतरावांच्या माणसांनी दोघांची डोकी फोडली. गावाने एका वॉचमनचा पाय मोडला. रंगरावांनी मुकादमाला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर ऐकू आलं ते एवढंच: "लाथेशिवाय समजत नाही यांना."

तिसरा दिवस गुरुवार.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची असते. ती सकाळी लवकर होते. पण कौशल्याबाईची मुलगी बेबीताई मोताळ्याला दिली होती आणि तिची एसटी नांदुऱ्याला अडकली. ती आल्याशिवाय राख उचलायची नाही, असं इंद्रभानने ठरवलं. ती पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. दूध, फुलं, मडकं घेऊन माणसं घळीत उतरली. बाया होत्या, पोरं होती. कौशल्याबाईचा शेजारी निजाम होता. सगळे मिळून एक्केचाळीस. हा आकडा तुळशीरामचा. तो वरच्या नाक्यावरून मोजत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो सेटवर बोलला. मी हजेरीची वही घेऊन रहेमतभाईच्या खोलीत बसलो होतो.

"रहेमतभाई, खाली मानसं हायेत. मसनात. राख सावडून राह्यले."

"बाहेर काढ त्यायले."

"गेल्तो न मी. इंद्रभान म्हनते, मायले मारलं, आता राखबी उचलू नाही देत काय? कोनी उठत नाही."

"मंग तिथंच राह्य. मी घंटी देत नाही. सांग त्यायले, सावकाश होऊ द्या."

मागे रंगराव उभे होते. ते कधी आले कळलं नाही. भगवंतराव त्यांच्या मागे, आणि त्यांची दोन माणसं.

"काय झालं?"

"घळीत मानसं हायेत, साहेब."

"किती वाजले?"

"सव्वाबारा."

"चाळीस भोकं भरून ठेवलीत वर. उद्या नागपूरहून साहेब लोक येणार. दगड पाहिजे मला. घंटी दे."

"मानसं हायेत, साहेब."

"ऐकलं मी. त्यांनीच माझा कंप्रेसर फोडला ना? दोन दगड पडले की पळतील. दे घंटी."

रहेमतभाई उठला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला अजून कळत नाही. मग तो यंत्रावर वाकला. मला वाटलं, आता दाबणार. त्याने झाकण सरकवलं, खाणीच्या बटणामागच्या दोन्ही डब्या उपटल्या, एकावर एक शिकंज्यात ठेवल्या आणि दांडा फिरवला. पत्रा करकरला. पट्टी तुटल्याचा बारीक टणत्कार झाला. मग दुसरा.

सगळं यंत्र बंद करणं त्याला सोपं होतं. एक तार ओढायची. पण मग तुळशीरामशी बोलता आलं नसतं. त्याने फक्त खाण बंद केली.

रंगरावांनी खाणीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी शेजारच्या बटणामागच्या डब्या काढल्या, खाणीच्या जागी खुपसल्या आणि दाबलं. या वेळी सूर गेले. पहिला, मग दुसरा.

बाहेर अंगणात उभ्या जीपमध्ये घंटी वाजायला लागली.

भगवंतरावांचा एक माणूस हसला. रंगरावांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

"ते जीपचे सूर हायेत, साहेब," रहेमतभाई म्हणाला. "खानीची मशीन दुसऱ्याचं ऐकत नाही."

"दुसऱ्या डब्या लाव. कपाटात आहेत जुन्या. तुला येतं."

"येते."

"मग लाव."

"नाही लावत."

भगवंतरावांनी त्याच्या तोंडात मारली. तो खुर्चीसकट पडला. त्यांच्या दोन माणसांनी त्याला उचललं. एकाने केस धरले. भगवंतराव त्याच्या पोटात लाथा घालत होते आणि दर लाथेला एकच शब्द म्हणत होते, "लाव. लाव. लाव." टेबलाचा पाय मोडला. कानस, चिमटे खाली सांडले. सेटवर तुळशीरामचा आवाज येत होता. "रहेमतभाई? रहेमतभाई, मडकं भरून राह्यले आता. ऐकून राह्यला काय?"

रहेमतभाईच्या तोंडातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "बीए, त्याले सांग. ऐकून राह्यलो म्हन."

माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी हललो नाही.

भगवंतरावांनी त्याचा उजवा हात धरला. शिकंज्याचे जबडे उघडले. चिरडलेल्या डब्या खाली पडल्या. त्यांनी त्याची चार बोटं त्यात घातली.

"लावतो का?"

"नाही."

दांडा अर्धा फिरला. रहेमतभाई ओरडला. मी तसला आवाज माणसाचा कधी ऐकला नव्हता.

"लावतो?"

त्याने मान हलवली. नाही.

दांडा पूर्ण फिरला. हाडं मोडल्याचं ऐकू आलं. तो ओरडला नाही, खाली बसायला लागला. पण हात अडकला होता, म्हणून लोंबकळला.

"आता तं हातच नाही राह्यला, साहेब," तो म्हणाला. तो रंगरावांकडे बघत होता. "आता कोन लावीन?"

रंगरावांनी पुढे होऊन दोन्ही तळहात उघडे धरले आणि दोन्ही बाजूंनी एकदम त्याच्या कानांवर मारले. फुगा फुटावा तसा आवाज झाला. रहेमतभाईचे डोळे मोठे झाले. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली.

"जीप काढ," रंगराव भगवंतरावांना म्हणाले. "मी स्वतः उडवतो." जाताना माझ्याकडे वळले. "तू लिही. ऑपरेटरने दारूच्या नशेत यंत्र तोडलं. वेळ टाक. मी आल्यावर सही करतो."

मी लिहिलं. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. कागद फौजदारांकडे आहे.

जीप गेल्यावर मी शिकंजा सैल केला. हात निघाला. रहेमतभाईने डाव्या हाताने खुर्ची सरळ केली, सेटपुढे बसला आणि माइक घेतला. त्याला काही ऐकू येत नव्हतं हे त्याला तोवर कळलं होतं. तरी तो बोलत राहिला.

"तुळशीराम, जीप गेली खानीत. रस्त्यानं गेली. पाव घंटा नाहीतं अर्धा घंटा हाये. काढ सगळ्यायले. पाया पड त्यायच्या. माह्यं नाव सांगू नको, घंटीवाला म्हनू नको, नाहीतं नाही उठनार ते. नुसता पाया पड."

तुळशीरामचं उत्तर मी ऐकलं. तो म्हणाला, "हाव." ते मी रहेमतभाईला बोट खाली-वर करून सांगितलं. त्याने मान डोलावली. पुन्हा तेच बोलला. पुन्हा.

वर खाणीत काय झालं ते शालिग्रामने नंतर सांगितलं. जीप धडधडत आली. रंगराव खडकाआड धावले आणि म्हणाले, फिरव दांडा.

"घंटी नाही वाजली, साहेब."

"मी सांगतो ना!"

"तुमी सांगता. घंटी नाही वाजली."

"अरे बहिऱ्या, घंटी मोडली आहे!"

"मोडली असन तं रहेमतभाई नीट करीन. वाजू द्या."

भगवंतरावांनी त्याला पहारीने मारलं. खांद्याचं हाड मोडलं. शालिग्रामने यंत्राचा दांडा आधीच उपसून धोतराच्या सोग्यात खोचला होता. तो त्यावर पालथा पडून राहिला. त्याला उलटा करायला तिघे लागले. दांडा हाती आला तेव्हा रंगरावांनी खडकावरून खाली पाहिलं. घळ रिकामी होती. माणसं वर चढली होती आणि ऑफिसच्या दिशेने निघाली होती. तुळशीरामने सुरुंगाचं सांगितल्यावर ती खवळली होती. त्यांच्या हातात वाटेत गावातून घेतलेल्या कुऱ्हाडी होत्या, लाकडं होती. रंगरावांनी दांडा टाकला, जीपमध्ये बसले आणि पाडळीच्या रस्त्याने निघून गेले. भगवंतरावही त्यांच्याबरोबर.

इकडे तोवर मी टाकीवर पाणी आणायला गेलो होतो. रहेमतभाईचा हात धुवायला आणि फडकं ओलं करायला. टाकी ऑफिसमागे आहे. बादली अर्धी भरली तेव्हा ओरडा ऐकला. बादली टाकून धावलो.

अंगण माणसांनी भरलं होतं. काचा फुटत होत्या. कुणी एरिअलच्या खांबाला दोर लावून ओढत होतं. कुणी कपाट बाहेर फेकलं आणि माझ्या हजेरीच्या वह्या धुळीत पडल्या. पोरीला कडेवर घेऊन बेबीताई रडत ओरडत होती, "घंटीवाला कोन हाये? बाहेर काढा त्याले!"

"मशीनवर बसते तो," कुणी तरी म्हणालं.

खोलीचं दार उघडं होतं. रहेमतभाई दाराकडे पाठ करून सेटपुढे बसला होता. डाव्या हातात माइक. तो अजून बोलत होता. "तुळशीराम, निंगाले काय सारे? बाया निंगाल्या काय?" एवढा गलका होता, काचा फुटत होत्या, आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याला ऐकू येत नव्हतं. त्यांना ते कसं कळावं?

मी "थांबा" म्हणालो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. इंद्रभान माझ्या पुढे होता. त्याचं डोकं नुकतं भादरलेलं. हातात कुऱ्हाड उलटी धरलेली, दांडा पुढे. त्याने दांडा दोन्ही हातांनी वर नेला आणि खाली आणला.

एकच. दुसऱ्याची गरज पडली नाही. पण मागच्यांनी मारले. मी त्यांच्यात घुसलो. माझ्या बरगडीवर बसला एक, तो मला रात्री दुखतो तेव्हा बरं वाटतं.

तुळशीराम मागून धावत आला. तो शिव्या देत माणसं ओढून काढत होता. "अरे याच्यानं वाचले तुमी! याच्यानं! त्यानं घंटी नाही देल्ली, हात पाहा त्याचा! हात पाहा!" त्याने रहेमतभाईचा उजवा हात उचलून सगळ्यांना दाखवला.

कुणी तरी दोर सोडला. एरिअलचा खांब तिरका राहिला. इंद्रभानने कुऱ्हाड ठेवली नाही. ती हातात आहे हे तो विसरला होता. ती मी त्याच्या हातातून घेतली.

श्वास चालू होता. दगडाचा एक ट्रक उभा होता, त्यात गवत टाकलं. शेगावला न्यायचं ठरलं. इंद्रभान न विचारता ट्रकमध्ये चढला, मांडी घातली आणि रहेमतभाईचं डोकं मांडीवर घेतलं. रस्ता खराब होता. खड्डा आला की तो दोन्ही हातांनी डोकं उचलून धरायचा. त्याचा सदरा, धोतर रक्ताने भिजलं. तो पुटपुटत होता, "भाऊ, ओ भाऊ." निजाम ट्रकच्या कडेला धरून उभा होता आणि ड्रायव्हरला सावकाश चल म्हणून ओरडत होता, मग लवकर चल म्हणून.

पूर्णेच्या अलीकडे रहेमतभाईने डोळे उघडले. पहिल्यांदा त्याने मला शोधलं.

"कितीक होते खाली?"

मी दहा बोटं चार वेळा दाखवली. मग एक बोट.

"निंगाले?"

मी मान डोलावली.

"सारे?"

मी पुन्हा डोलावली. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग त्याची नजर वर गेली. इंद्रभानच्या चेहऱ्यावर, त्याच्या लाल सदऱ्यावर थांबली. इंद्रभान रडत होता. तो काय बोलत होता ते रहेमतभाईपर्यंत पोचत नव्हतं.

रहेमतभाई माझ्याकडे वळला.

"बीए, याले कुठं लागलं?"